काय करायचं सोडलंत?

(पौड येथे वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मुक्कामाची एसटी चुकेल की काय या धाकधुकीत बसलेले श्रोतेहो,

ज्या गुरुजींच्या नावानं आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांचा मी विद्यार्थी नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. हजेरी घेताना ‘हजर’ म्हणणाऱ्या पोरांकडे गुरुजी मान वर करूनही बघत नसत म्हणे. एखाद्या नावाला उत्तर आलं नाही की मात्र पेन थांबायचं, चष्मा वर जायचा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कोण नाही, धाकटं भावंड सांभाळायला कोणाला घरी ठेवलंय, हे ते शेजारच्या पोरांना विचारून घेत आणि संध्याकाळी त्या वाडीकडे सायकल वळवत. हजेरीपट हा त्यांच्या लेखी गैरहजर मुलांसाठी असायचा.

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. ही गोष्ट मला वीस वर्षं आधी कळली असती, तर एका बाईच्या केसपेपरवर मी जे दोन शब्द लिहिले ते लिहिले नसते. आजचं व्याख्यान त्या दोन शब्दांबद्दल आहे.

मुळशी धरणाच्या काठावरच्या एका वाडीतली ती बाई. वय साठीच्या आसपास. नाव सांगत नाही, मावशी म्हणू. लेकानं तिला खोकल्यासाठी आणलं होतं. मी छातीला नळी लावली आणि विचारलं, “मावशी, दम लागतो का?”

“न्हाय.”

“चढ चढताना?”

“न्हाय लागत.”

मी लिहिलं, ‘दम नाही’. खोकल्याचं औषध दिलं, पुढचा नंबर बोलावला.

सहा महिन्यांनी, भर पावसात, तिला रात्री जीपमध्ये घालून आणलं. ओठ निळे पडलेले, दोन शब्दांच्या पुढं वाक्य जाईना. काही दिवसांनी ती सावरली. घरी सोडायच्या दिवशी मी जरा त्राग्यानंच सुनेला म्हणालो, “इतका दम लागतो तर आधी सांगायचं नाही का? विचारलं तेव्हा नाही म्हणाल्या.” सून पिशवी भरता भरता म्हणाली, “चढ चढतच न्हाईत त्या, डॉक्टर. मग दम कुठला लागंल?”

वैद्यकाच्या पुस्तकात हे वाक्य मला इतक्या सोप्या शब्दांत कधी भेटलं नव्हतं. मग मी सुनेलाच विचारलं, कधीपासून चढत नाहीत? आणखी काय काय करत नाहीत? तिनं बोटांवर मोजत सांगितलं. माळ्यावरची लाकडं काढणं सोडलं, त्याला तीन वर्षं झाली. आवणीला वाकणं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सोडलं, कारण वाकलं की छाती दाबली जायची. माहेर ताम्हिणीच्या बाजूला, गाडीरस्ता सोडून अर्धा तास वर. तिथं जाणं बंद झालं. जत्रेला, लग्नाला जाणंही बंद झालं, कारण पंगतीत खोकल्याची उबळ आली की माणसं वळून बघतात. आणि शेवटी नऊवारी. काष्टा घालताना हात मागे जातात, कंबर वळते, तेवढ्यात धाप लागायची आणि मध्येच खाटेवर बसावं लागायचं. म्हणून मावशी गाऊन घालायला लागल्या होत्या. “पोरी हसत्यात त्यांना,” सून म्हणाली.

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. दम लागेल असं प्रत्येक काम त्यांनी एकेक करून आयुष्यातून काढून टाकलं होतं. उरलेल्या आयुष्यात दम लागत नव्हता. मी हजर असलेल्या तक्रारी मोजत होतो, गैरहजर कामांकडे मान वर करून बघितलंच नव्हतं.

आता या आजाराविषयी थोडं. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. गावात त्याला दमाच म्हणतात, पण दमा वेगळा. दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि औषधानं बऱ्याचदा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत बारीक नळ्या कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांचा ताण जातो, जुन्या इलास्टिकसारखा. रुग्ण म्हणतो, “श्वास घेता येत नाही.” खरी अडचण श्वास सोडण्याची असते. आपली एसटी डोळ्यांसमोर आणा. पौडला गाडी थांबली, दारात गर्दी आहे, पण आतले प्रवासी उतरतच नाहीत. मग नवे चढणार कुठं? जुनी हवा आत अडकून राहते, छाती फुगते आणि माणूस जितकी घाई करतो तितकी गाडी आणखी खचाखच भरते. म्हणून घाईनं घेतलेला श्वास या आजारात उपयोगाचा नसतो. मराठीत ‘दम’ म्हणजे श्वासही आणि बळही, आणि ‘दमानं घे’ म्हणजे सावकाश कर. हा आजार सांभाळायची पहिली सूचना भाषेनं आधीच देऊन ठेवली आहे.

२०१६ साली भारतात साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी असल्याचा अंदाज आहे. त्या वर्षी जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के; पण श्वसनाच्या जुनाट आजारांनी अकाली मृत्यू आणि अपंगत्वाच्या रूपानं माणसांची जी वर्षं हिरावली जातात, त्यांत आपला वाटा ३२ टक्के. सगळेच विडी-सिगारेट ओढतात म्हणून हे होतं का? नाही. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नसतं. तेव्हा जगात विडी-सिगारेट ओढणारे होते सुमारे १०० कोटी, तर लाकूड, गोवऱ्या आणि पाचटाच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी. मावशींना आधी कोणा डॉक्टरांनी विचारलं होतं, “विडी ओढता का?” त्या नाही म्हणाल्या आणि फुप्फुसाचा विषय तिथंच संपला.

मुळशीत त्यांना वेगळा प्रश्न विचारायला हवा होता: “किती पावसाळे चुलीपुढं काढलेत?” इथला पाऊस मी तुम्हाला सांगायला नको. झड आत येऊ नये म्हणून दारा-खिडक्यांना आडोसे लागतात, लाकूड ओलं असतं, आणि चार महिने ते लाकूड घरातल्या घरात धुमसत असतं. धूर माळ्यावर चढतो, तिथलं धान्य कोरडं ठेवतो, कौलांतून सावकाश बाहेर पडतो. तोवर खाली बसलेली बाई तोच धूर घेत असते. उन्हाळ्याच्या शेवटी राब भाजायचा, म्हणजे शेण, पालापाचोळा आणि फांद्यांचे थर लावून रोपांची जमीन पेटवायची, तोही धूरच. आंबेमोहर तांदळाचा वास घमघमतो, पण त्याच्या मागं किती श्वास खर्ची पडले याचा हिशेब कुठंच लिहिलेला नसतो. त्यात खाणी, क्रशर, आणि आता शहर सरकत आलं तशी सिमेंटची धूळ. क्षयरोग होऊन बरे झालेले लोकही यात आले; जंतू जातात, पण फुप्फुसावरचे व्रण राहतात. औंधच्या उरो रुग्णालयाच्या वाऱ्या केलेली घरं या तालुक्यात कमी नसतील.

एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, याच खोऱ्यात धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. खाचरं गेली, धरण झालं. त्या धरणाचं पाणी डोंगरातून कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथं वीज होते आणि मुंबईकडे जाते. ज्या खोऱ्याच्या पाण्यानं मुंबईचे दिवे लागले, त्या खोऱ्यातल्या बायका पुढची कित्येक दशकं फुंकणीनं चूल फुंकत राहिल्या. बुडालेल्या जमिनीचा मोबदला निदान मागता तरी येतो. गेलेल्या श्वासाची नुकसानभरपाई कुठल्या कचेरीत मागायची?

आता आजारी माणसाच्या जगण्याच्या मोजमापाकडे येतो, कारण ‘जीवनमान’ हा शब्द सरकारी कागदावर फार गुळगुळीत होऊन जातो. फुप्फुस मोजायचं यंत्र जुनं आहे. १८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरनं स्पायरोमीटर मांडला. आज त्याच्या नळीत जोरानं फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते बघायचं. निदानाला ही तपासणी हवीच. पण एक चमत्कारिक गोष्ट आम्ही रोज बघतो. दोघांचे आकडे सारखे, आणि एक जण शेतावर जातो तर दुसरा ओट्यावरून उतरत नाही. हे यंत्र फुप्फुस मोजतं. माणूस मोजायला दुसरं काहीतरी लागतं.

त्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यावर वेल्समधल्या कोळसा-खाणकामगारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी एक साधी पट्टी केली, ती आजही वापरात आहे. जोराचं काम केलं तरच दम लागतो, इथून ती सुरू होते. मग घाईनं चालताना किंवा थोड्या चढावर. मग सपाटीवरही बरोबरीच्या माणसांच्या मागं पडणं. मग शंभरेक मीटरवर थांबणं. आणि शेवटी कपडे बदलतानाही धाप. नऊवारी सोडलेल्या मावशी या पट्टीच्या शेवटच्या पायरीवर होत्या आणि माझ्या कागदावर ‘दम नाही’.

पुढं लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या पॉल जोन्स यांनी १९९२ मध्ये ५० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. लक्षणं, हालचाल आणि रोजच्या जगण्यावर झालेला परिणाम, असे तिचे तीन भाग. गुण शून्य ते शंभर. जितके जास्त तितके हाल जास्त. आणि उपचारानं चार गुण जरी उतरले तरी रुग्णाला फरक जाणवतो असं मानतात. फार विचारानं केलेलं काम आहे. त्यात लोकांत खोकायची लाज वाटते का, घरच्यांना आपला त्रास होतो असं वाटतं का, असेही प्रश्न आहेत. डॉक्टर सहसा विचारत नाहीत ते हे प्रश्न. पण त्यात एके ठिकाणी नाचणं, बागेतलं तण काढणं आणि गोल्फ खेळणं अशी कामं एका ओळीत येतात. मी मावशींना हे वाचून दाखवलं. गोल्फ म्हणजे काय हे समजावलं, तेव्हा त्या हसता हसता खोकल्या आणि म्हणाल्या, “आवणी इचारा की.”

त्यांचं बरोबर होतं. मुळशीतल्या माणसाचा श्वास मुळशीच्या मापानंच मोजायला हवा. आवणीत किती ओळी लावून होतात? हंडा कमरेवर की डोक्यावर, की आता फक्त कळशी? वाडीतून रस्त्यापर्यंत किती वेळा टेकावं लागतं? भजनात पूर्ण अभंग म्हणता येतो की फक्त टाळ? रात्री खोकल्यानं घर उठतं का? मी केसपेपरच्या मागं हे प्रश्न लिहायला लागलो आणि सगळ्यात वर एकच: काय करायचं सोडलंत?

मग उपाय. पहिला पंप, म्हणजे इन्हेलर. ‘एकदा पंप सुरू झाला की सुटत नाही’, ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’, या दोन समजुतींनी इथं फार नुकसान केलंय. पंपातलं औषध थेट नळ्यांत पोहोचतं, म्हणून ते अगदी थोडं पुरतं. पण तो नीट ओढता आला पाहिजे. पुढच्या वेळी डॉक्टरांपुढं ओढून दाखवा. अनेकांचं औषध घशातच राहतं. घरी ऑक्सिजन प्रत्येकाला लागत नाही. ज्यांच्या रक्तात तो सतत कमी असतो, त्यांना तो दिवसातले पंधरा तास तरी घ्यावा लागतो, तर आयुष्य वाढतं. आणि ऑक्सिजनची नळी नाकाला असताना चुलीजवळ, निरांजनाजवळ जायचं नाही. पेट घेतं.

दुसरा उपाय औषधाइतकाच मोलाचा, पण दुकानात मिळत नाही: व्यायाम. धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसल्यानं पाय दुबळे होतात, दुबळ्या पायांना त्याच कामाला जास्त हवा लागते आणि धाप आणखी लवकर लागते. हे चक्र उलटं फिरवायला सहा-आठ आठवडे देखरेखीखाली चालणं, उठाबशीसारखी खुर्चीतून ऊठबस, हातांचे व्यायाम आणि श्वासाचं तंत्र शिकवतात. २०१५ साली कोक्रेन या संस्थेनं अशा ६५ चाचण्यांचा आढावा घेतला आणि उपयोग इतका स्पष्ट दिसला, की हे उपयोगी आहे का हे तपासायला आणखी चाचण्या नकोत, असं म्हणून तो विषय बंद केला. गंमत म्हणजे या व्यायामानं स्पायरोमीटरचा आकडा जवळजवळ हलत नाही. फुप्फुस तेवढंच राहतं, जगणं वाढतं.

इथं प्रश्न अंतराचा: त्यासाठी रोज शहरात कोण जाणार? म्हणून आम्ही ते गावातच सुरू केलं. सहा मिनिटांत किती चालता येतं हे बघायला तीस मीटरची सपाट, सरळ जागा लागते. आम्ही ती एका देवळासमोरच्या फरसबंदीवर खडूनं आखली. आणि श्वास सोडायची पद्धत, ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकायची, म्हणजे नळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते, ही मावशींना कशी शिकवायची याच्या विचारात मी होतो. त्यांनी माझ्याकडं बघून ओठ तसे केले आणि म्हणाल्या, “ही तर फुंकणी.” चाळीस वर्षं ज्या फुंकीनं त्यांच्या छातीत धूर भरला, तीच फुंक आता अडकलेली हवा बाहेर काढत होती. फरक इतकाच की आता फुंकायचं सावकाश, आणि पुढ्यात चूल नाही.

पण चूल खरंच गेली का? उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, सिलिंडर पुष्कळ घरांत आले. चहा गॅसवर होतो. भाकरी, अंघोळीचं पाणी आणि जनावरांचं आंबोण मात्र चुलीवर, कारण सिलिंडर महाग आणि लाकूड डोंगरात फुकट. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या काही गावांत नऊ वर्षं लोकांची फुप्फुसं मोजली गेली. ज्यांनी बायोगॅस घेतला आणि स्वयंपाकघरात हवा खेळती केली, त्यांच्या फुप्फुसाची ताकद कमी व्हायचा वेग मंदावला. म्हणजे साठीतही उशीर झालेला नसतो. निदान पाण्याचा बंब तरी घराबाहेर न्या, चुलीवर धुराडं काढा, आणि ज्याला दम लागतो त्याला चुलीपुढून उठवा. डासांची कॉइलही विसरू नका. एका कॉइलमधून बाहेर पडणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरल्याचं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

शेवटचा मुद्दा घरच्यांसाठी, आणि तो जरा अवघड आहे. मी एका घरात गेलो. माणूस एकेकाळी भजनी मंडळाचा चाल धरणारा. आता मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही बसा.” सून म्हणते, “मी आणते.” नातू चपला आणून पायापाशी ठेवतो. इतकं प्रेमळ घर मी क्वचितच पाहिलं. आणि त्या प्रेमानं हा माणूस खाटेवर बसून विझत चालला होता. ‘बसा’ म्हणणं सोपं असतं. ‘चला, मी बरोबर आहे, लागेल तिथं थांबू’ असं म्हणायला रोजचा अर्धा तास मोडावा लागतो. त्या गृहस्थांना मंडळानं परत नेलं ते आधी टाळ घेऊन. मग धृपद. सगळा अभंग ते आजही म्हणत नाहीत. कडवं दुसरे उचलतात, ते धृपदाला येतात. कोणी मागं वळून बघत नाही.

आणि मावशी? त्यांचा आजार बरा झाला नाही, होणारही नव्हता. फुंकून काढलेला आकडा दोन वर्षांत थोडा खालीच गेला. पावसाळ्यात पुन्हा एकदा दवाखान्यात राहावं लागलं. माळ्यावरची लाकडं आणि आवणी कायमची सुटली, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. पण मागच्या दिवाळीत भाऊबीजेला त्या माहेरी गेल्या. गाडीरस्त्यापासून अर्ध्या तासाची ती चढण त्यांना दीड तास लागली. सुनेनं मला सगळं सांगितलं: कुठल्या दगडावर बसल्या, कुठं पंप घेतला, कुठं बांधाला टेकून नुसतं फुंकत उभ्या राहिल्या. भाऊ निम्म्या वाटेत खाली न्यायला आला, तर त्याला म्हणाल्या, “हात नगं धरू. म्होरं चाल, दमानं.”

“नेसल्या काय होत्या?” मी विचारलं.

“नऊवारी,” सून म्हणाली. “आदल्या रातीपासून नेसत होत्या म्हना की.”

तो केसपेपर माझ्याकडं अजून आहे. ‘दम नाही’ खोडलेलं नाही. माझी चूक मला दिसत राहावी म्हणून तसंच ठेवलंय. त्याच्या मागच्या बाजूला सोडलेल्या कामांची यादी आहे. त्यातल्या दोन ओळींवर आता काट आहे.

आज घरी गेल्यावर तुमच्या घरात जे कोणी ओट्यावर शांत बसलेलं असतं, ‘मला काही होत नाही’ म्हणतं, त्यांच्या शेजारी बसा आणि दम लागतो का असं विचारू नका. काय करायचं सोडलंत, ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. थांबा तेवढं.

एसटीची वेळ झाली.